गाठ पडते, ओळख होत नाही

8 डिसेंबर 2009 रोजी ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ या हजारो जण एकत्र खेळतात अशा ऑनलाइन खेळात एक बटण आले. त्याआधीची पाच वर्षे या खेळातल्या एखाद्या डन्जनमध्ये, म्हणजे शत्रूंनी भरलेल्या भुयारात, उतरायचे तर आधी माणसे गोळा करावी लागत. मार अंगावर घेणारा एक टँक, जखमा भरणारा एक हीलर आणि शत्रूवर तुटून पडणारे तिघे, अशी पाच जणांची टोळी. शहरातल्या चॅटमध्ये हाका मारायच्या, ओळखीच्यांना विचारायचे, हीलर सापडेपर्यंत टँक कंटाळून निघून जाऊ नये म्हणून त्याला बोलण्यात गुंतवून ठेवायचे, मग डन्जनच्या दारापर्यंत तंगडतोड करायची. यात तास सहज जाई. डन्जन फाइंडर नावाच्या त्या बटणाने हे सारे संपवले. आपली भूमिका सांगा, बटण दाबा आणि तोवर दुसरे काही करत बसा. पाच जण जुळले की यंत्र तुम्हाला थेट डन्जनच्या आत नेऊन सोडते, काम झाले की जिथे होता तिथे परत आणते. आणि हे पाच जण एकाच सर्व्हरचे, म्हणजे खेळातल्या जगाच्या एकाच प्रतीतले, असण्याचीही गरज उरली नाही.

‘त्या दिवशी खेळ मेला’ असे म्हणणारे जुने खेळाडू जगभर आहेत. आमच्या गोव्यात, म्हापशा-फोंड्यातही आहेत. चाळिशीकडे झुकलेले, एकेकाळी नेट कॅफेत तासाचे पैसे मोजून बसणारे. ‘बटण आले म्हणून तर नोकरी-संसार सांभाळून खेळता येते’ असे म्हणणारेही तेवढेच आहेत. दोघांचे भांडण पंधरा वर्षे त्याच जागी गोल फिरते आहे, कारण दोघेही बटणाकडे बोट दाखवतात. मला बटण निर्दोष वाटते. नुकसान केले ते त्याच्या जोडीने आलेल्या दुसऱ्या निर्णयाने: ज्यांच्याशी आज गाठ पडली त्यांच्याशी पुन्हा कधीच पडणार नाही, इतका मोठा अनोळखी जमाव एका रांगेत उभा करण्याच्या निर्णयाने.

हा काही चार गेमरांचा खाजगी तंटा नाही. ऑगस्ट 2025 मध्ये संसदेने ऑनलाइन खेळांचा कायदा केला. पैसे लावून खेळायच्या खेळांवर बंदी आली. ई-स्पोर्ट्स आणि बिनपैशांच्या सामाजिक खेळांना उत्तेजन द्यायचे ठरले. त्यावर झालेली सगळी चर्चा जुगार आणि व्यसन या दोन खुंट्यांना बांधलेली होती. आपली मुले रोज संध्याकाळी ज्या जागी जातात तिथे त्यांना संगत कोणाची मिळते आणि ती कोण ठरवते, हे कुणी विचारले नाही. पालकसभेतसुद्धा प्रश्न येतो तो ‘किती वेळ?’ एवढाच.

आधी जुन्या काळाबद्दल, कारण त्याच्यावर आठवणींचा मुलामा फार चढला आहे. 1999 साली आलेल्या ‘एव्हरक्वेस्ट’मध्ये तुम्ही मेलात तर कमावलेला अनुभव कमी होई आणि सामान प्रेतापाशीच पडून राही. ते आणायला पुन्हा त्याच धोक्याच्या जागी जावे लागे, बहुधा दुसऱ्या कोणाच्या मदतीने. म्हणजे माणूस माणसाला धरून होता तो प्रेमापोटी नव्हे, गरजेपोटी. भारतात अधिकृतपणे चालवलेल्या ‘रॅग्नारोक ऑनलाइन’मध्येही प्रॉन्टेरा शहराच्या रस्त्यांवर व्यापारी दुकाने मांडून बसलेले असत आणि एखादा प्रीस्ट, म्हणजे तिथला हीलर, मोकळा दिसला की चार जण त्याच्या मागे लागत. या गरजेतून ओळखी होत. पाचजणांत मिळालेली वस्तू ठरल्याप्रमाणे न वाटता उचलून पळणाऱ्याला ‘निन्जा’ म्हणत, आणि निन्जाचे नाव दोन दिवसांत सर्व्हरभर होई. पुढे त्याला कुणी बरोबर घेत नसे. चांगला टँकही तसाच नावाने ओळखला जाई. गावात असते तशी अब्रू तिथे होती, आणि अब्रूबरोबर गावात जे बाकीचे येते तेही होते: कंपू, चहाड्या, एकदा बसलेला शिक्का जन्मभर.

पण सगळे सदासर्वकाळ टोळीने फिरत होते हे खरे नाही. निकोला ड्युशनो, निक यी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘वॉरक्राफ्ट’च्या सर्व्हरांवर कोण कुठे, कोणाबरोबर असतो याची यंत्राने नोंद घेऊन 2006 मध्ये निष्कर्ष मांडला की खेळाडूंचा बराच वेळ एकट्यानेच जातो. आजूबाजूला माणसांचा वावर त्यांना हवा असतो. कोणी बघणारे हवे, गजबज हवी. खांद्याला खांदा लावून लढणे त्या मानाने थोडे. हे बटण यायच्या तीन वर्षे आधीचे.

याहून मजेची गोष्ट म्हणजे यंत्राने जुळवायचा प्रयत्न त्याच खेळात 2005 सालीच झाला होता. डन्जनांच्या बाहेर मीटिंग स्टोन नावाचे दगड होते. दगडापाशी जाऊन नाव नोंदवायचे, यंत्र टोळी बनवून देणार. पण टँक कोण, हीलर कोण याचा विचार त्या यंत्राला नव्हता, आणि नाव नोंदवायलाच दगडापर्यंत चालत जायचे तर यंत्र हवे कशाला, असा मामला. कुणी ढुंकून पाहिले नाही. पुढे त्या दगडांचे काम बदलून दूरच्या सोबत्याला बोलावून घेण्यापुरते ठेवले. 2009 चे बटण चालले ते भूमिका ओळखत होते म्हणून, प्रवास वाचवत होते म्हणून, आणि माणसांचा साठा अनेक सर्व्हरांचा मिळून मोठा होता म्हणून. आणि खेळ मेला का? ऑक्टोबर 2010 मध्ये, म्हणजे बटण आल्यावर दहा महिन्यांनी, ‘वॉरक्राफ्ट’चे वर्गणीदार 1 कोटी 20 लाखांवर पोचले. याहून मोठा आकडा त्याच्या आधी किंवा नंतर जाहीर झालेला नाही. पुढे उतरती कळा लागली, पण तिची कारणे डझनभर सांगता येतील.

शिवाय माणसांनी हाताने निवडलेल्या टोळ्या दयाळू होत्या असेही समजू नये. त्याच काळात गिअरस्कोअर नावाचे एक ॲडऑन, म्हणजे खेळाला बाहेरून जोडायचा छोटा प्रोग्राम, आले. समोरच्याच्या अंगावरचे चिलखत, शस्त्रे मोजून ते एक आकडा देई. मग चॅटमध्ये हाका येऊ लागल्या त्या ‘इतक्या आकड्याच्या वरचेच या’ अशा. माणूस कसा खेळतो, बोलायला कसा आहे, हे कुणी विचारीना. 2016 नंतरच्या मिथिक प्लस या जास्त अवघड डन्जनांत यंत्र जुळवणी करीत नाही, टोळीचा म्होरक्या अर्ज बघून माणसे घेतो. तिथेही रेडर डॉट आयओ या संकेतस्थळावरचा आकडा बघूनच दार उघडते किंवा बंद होते. नोकरीच्या जाहिरातीत ‘अनुभव हवा’ असते ना, तसे. अनुभव मिळणार कुठून ते सांगत नाहीत. यंत्र निदान नवख्याला हाकलत तरी नाही.

गोव्यातल्या खेळाडूला तर या यंत्राने मोठाच आधार दिला. ‘वॉरक्राफ्ट’चा भारतात सर्व्हर नाही. आमच्यातले अनेक जण युरोपातल्या सर्व्हरवर खेळतात. तिथल्या गिल्डची, म्हणजे खेळाडूंच्या कायम मंडळाची, मोहीम रात्री आठला सुरू होते, तेव्हा हिवाळ्यात आपल्याकडे साडेबारा वाजलेले असतात, उन्हाळ्यात साडेअकरा. संपेपर्यंत तीन-साडेतीन. सकाळी पणजीची बस पकडणाऱ्या माणसाला हे जमायचे नाही. जमले तरी गिल्डच्या गप्पा जर्मनमध्ये किंवा झरझर इंग्रजीत. आपण घरी कोंकणी, वाचायला-लिहायला मराठी, ऑफिसात इंग्रजी अशी तीन बोटांवरची कसरत करणारे, मध्यरात्री हेडफोन लावून विनोदाला वेळेवर हसणे कठीण जाते. अशा माणसाला रांगेचे बटण म्हणजे एकमेव उघडा दरवाजा. आवाज ऐकला की सुरू होणाऱ्या चौकशा नकोत म्हणून माइक बंद ठेवून खेळणाऱ्या मुली आहेत; त्यांच्यासाठीही. गावपण परत आणा म्हणणाऱ्यांनी गावात कोणाला जागा मिळत नव्हती हेही आठवावे.

आमच्याकडे टॅक्सीच्या ॲपवरून 2018 पासून जो वाद धुमसतो आहे तो या भांडणाच्या फार जवळचा आहे. मोपाच्या विमानतळावर रात्री उतरलेल्या परक्या माणसाला ॲप न्यायाचे वाटते: भाडे आधी कळते, घासाघीस नाही, ओळखपाळख लागत नाही. पण आमच्या घरी टॅक्सी लागली तर आम्ही फोन करतो तो ठरलेल्या माणसालाच. तो बांबोळीच्या इस्पितळाबाहेर तीन तास थांबतो, आईला पायऱ्यांवर हात देतो, पैसे पुढच्या आठवड्यात दिले तरी चालतात. हे ॲपला जमत नाही, कारण ॲपमधला चालक दर खेपेला नवा. आणि स्टँडवरच्या माणसालाही हे परक्याच्या बाबतीत जमत नाही, कारण परका उद्या येणार नसतो. म्हणजे चांगुलपणा स्टँडचाही नव्हे आणि ॲपचाही नव्हे. उद्या पुन्हा तोंड दाखवायचे आहे, याचा आहे.

रॉबर्ट ॲक्सलरॉड या राज्यशास्त्रज्ञाने 1980 च्या सुमारास संगणकी कार्यक्रमांच्या स्पर्धा घेतल्या होत्या. दोघांनी एकमेकांना साथ द्यायची की दगा, हे डावामागून डाव ठरवायचे. जिंकला तो सगळ्यात साधा कार्यक्रम, टिट फॉर टॅट: सुरुवात साथीने, पुढे समोरचा करील तसे. पण तो जिंकला याचे कारण डाव पुन्हा पुन्हा होत होते. एकच डाव असेल तर दगा देणाराच फायद्यात. पुढची भेट जितकी नक्की, तितके आजचे वागणे नीट, असा त्याचा सारांश. डन्जन फाइंडरने सर्व्हरच्या भिंती काढल्या तेव्हा नेमकी ही पुढची भेट काढून घेतली. ज्याची वस्तू मी लाटली तो दुसऱ्या सर्व्हरचा. त्याच्या सर्व्हरवर माझी बदनामी झाली तरी मला काय त्याचे?

याचा अनुभव आम्हाला पावसाळ्यात येतो. जूनमध्ये वारा सुटला की वीज जाते, मोडेम बंद पडतो, आणि ऐन लढाईत हीलर उभ्या जागी पुतळा होतो. ओळखीच्या टोळीत अशा वेळी कोणीतरी म्हणते, ‘गोव्यात पाऊस सुरू झाला वाटते, थांबा जरा.’ ही माणसे फिनलंडची, पोर्तुगालची. मान्सून त्यांना आमच्यामुळे कळला. रांगेने जुळवलेल्या टोळीत मात्र तुम्हाला काढायचे का, या मतदानाची चौकट पुढे येते आणि इन्व्हर्टर चालू होऊन परत येईपर्यंत तुम्ही बाहेर असता. त्या चौघांना दोष देता येत नाही. त्यांना मी कोण हे माहीत नाही, माहीत करून घ्यायचे कारणही नाही, आणि रांगेत दुसरा हीलर उभा आहे. बदली इतकी स्वस्त असली की थांबणे मूर्खपणाचे ठरते.

इथे कोणीही जाणकार ‘फायनल फँटसी 14’चे नाव काढील, आणि काढायलाच हवे. 2013 पासून त्यात ड्यूटी फाइंडर आहे, अनोळखी माणसेच जुळवतो, तरी तिथले वागणे एकंदरीत सभ्य. असे का? टोळीत एखादा त्या डन्जनमध्ये पहिल्यांदाच आला असेल तर सगळ्यांनाच जादा बक्षीस मिळते. त्यामुळे नवखा आला की लोक वैतागण्याऐवजी खूश होतात. काम संपल्यावर प्रत्येकाला एका अनोळखी सोबत्याची वाखाणणी करता येते, आणि अशा वाखाणण्या साठवून बक्षिसे मिळतात. हे डोके ज्याने लढवले त्याला मानले पाहिजे. मी माझ्या म्हणण्याला घातलेली मुरड हीच: यंत्राच्या रांगेतही सौजन्य पिकवता येते, पुढच्या भेटीची गरज नाही. पण तेवढेच पिकते. ‘हॅलो’, ‘थँक यू’, वाखाणणी, निरोप. शंभर वाखाणण्या मिळवलेल्या माणसाला त्या कोणी दिल्या हे सांगता येत नाही. 2019 पासून तर त्यातल्या बऱ्याच डन्जनांत माणसांऐवजी संगणकाने चालवलेले सोबती घेऊन जाता येते, आणि अनेकांना फरक जाणवत नाही. हाच माझा मुद्दा आहे. जिथे माणूस काढून यंत्र बसवले तरी चालते, तिथे माणूस होता कशासाठी?

‘गिल्ड वॉर्स 2’ने 2012 मध्ये तिसराच रस्ता धरला. मोकळ्या रानात संकट आले की जो जवळ असेल तो धावून जातो, प्रत्येकाला वाटा मिळतो, पडलेल्या अनोळखी माणसाला उठवले तर त्याचाही अनुभव मिळतो. टोळी बनवावीच लागत नाही. लोभस आहे, पण तिथेही गर्दीच राहते. लढाई संपली की जो तो आपल्या वाटेने.

मग बटण काढून टाकले तर? तोही प्रयोग झाला. ऑगस्ट 2019 मध्ये ‘वॉरक्राफ्ट क्लासिक’ आला, जुन्या खेळाची नक्कल, बटणाशिवाय. सुरू व्हायच्या आधीच कोणीतरी टोळी जुळवणारे ॲडऑन तयार केले. कंपनीने ते चालणार नाही अशी तजवीज केली. मग चॅटमधल्या हाका वाचून यादी करून दाखवणारी ॲडऑने आली. काही मेज, म्हणजे जादूगार, बनलेले खेळाडू पैसे घेऊन इतरांना डन्जनमधून नुसते ओढून नेऊ लागले. गिऱ्हाइकाने दारापाशी उभे राहायचे, बाकी सगळे तो करणार. 2022 मध्ये त्याच मालिकेचा ज्या टप्प्यात मुळात बटण आले होते तो टप्पा आला, तेव्हा कंपनीने बटण देणार नाही म्हणून ठासून सांगितले. 2023 मध्ये दिले. पंधरा वर्षांत खेळाडू बदलला आहे. 2004 साली त्याला वाट माहीत नव्हती म्हणून तो दुसऱ्याला विचारत होता. आता सगळे व्हिडिओत पाहून येतो. गरज कृत्रिमरीत्या परत आणली तर तो तिच्यातून पळवाटच शोधणार.

म्हणून बटण राहू द्यावे आणि त्याच्यामागचा साठा लहान करावा, असे माझे मत आहे. लाखोंच्या रांगेतून नव्हे, तर दोन-तीन हजारांच्या ठरावीक मोहल्ल्यातून माणसे जुळवावीत, आणि मोहल्ला वेळेवरून बांधावा. भारत, आखात, पूर्व आफ्रिका यांची संध्याकाळ जवळपास एकच असते. ते एका मोहल्ल्यात बसतील आणि गोव्याचा माणूस साडेबाराला जागणार नाही. डन्जन संपल्यावर ‘याच्याबरोबर पुन्हा’ अशी खूण करता यावी, दोघांनीही केली तर पुढच्या वेळी यंत्राने त्या दोघांना आधी एकत्र आणायचा प्रयत्न करावा. ती खूण कोणाला दिसू नये. नाहीतर तिचाही गिअरस्कोअर होईल.

उलटी खूण मात्र नको. ‘ओव्हरवॉच’ या नेमबाजीच्या खेळात 2016 मध्ये सुरुवातीला ‘हा खेळाडू नको’ असे सांगायची सोय होती. तेव्हाचे दिग्दर्शक जेफ कॅप्लन यांनी सांगितलेला किस्सा असा, की विडोमेकर हे पात्र घेऊन खेळणाऱ्या जगातल्या उत्तम खेळाडूंपैकी एकाला सामनेच मिळेनात. वागायला तो सज्जन होता; इतका चांगला खेळत होता की लोकांनी त्याला टाळले. ती सोय काढून टाकावी लागली. नकोशांची यादी माणसांच्या हाती दिली की ती कशी वापरली जाते, हे भाड्याने घर शोधणाऱ्या कुणालाही विचारा.

याची किंमत आहे आणि ती थांबण्यात मोजावी लागेल. पाचांत टँक एकच लागतो, आणि टँक व्हायला लोक राजी नसतात. चुकला तर शिव्या त्यालाच. 2011 मध्ये ‘वॉरक्राफ्ट’ने तुटवडा असलेल्या भूमिकेला जादा बक्षीस देऊ केले, ते याच अडचणीपायी. साठा लहान केला की रांग आणखी लांबणार. पाच मिनिटांच्या जागी वीस, कधी चाळीस. कंपन्यांना हे आवडणार नाही, कारण रांगेतली मिनिटे तक्त्यात मांडता येतात आणि जमलेली ओळख मांडता येत नाही. खेळाडूंनाही आवडणार नाही, निदान पहिले दोन महिने. त्यातले अर्धे मोठ्या रांगेची मागणी करतील. ती त्यांना द्यावी, शेजारीच, पण दुसऱ्या क्रमांकावर: बटण दाबले की आधी मोहल्ला, आणि घाई असेल त्याने एक खूण जास्त करून मोठ्या रांगेत जावे. ज्या रात्री उद्या सकाळची बस असेल, त्या रात्री मीसुद्धा तीच खूण करीन.